गजूची सव्वा मूठ

पहिल्यांदा समुद्र पाहायला गेलो, तेव्हा समुद्र जागेवरच नव्हता.

बसमधून उतरून, पिशव्या सांभाळत आम्ही चौघं बांधापर्यंत आलो. मी, योगराज, आमची साडेचार वर्षांची हिरल आणि माझ्या सासूबाई. बांधावर चढलो तर समोर नुसता चिखल. काळपट, ओला, नजर थकेपर्यंत पसरलेला. त्याच्यावर पांढरे पक्षी चालत होते, आणि एक होडी कुशीवर पडली होती, कुणी विसरून गेल्यासारखी.

हिरलने ओठ काढला. "मम्मी, समुद्र कुठाय? कुणी नेला?"

"धुवायला नेलाय," योगराज म्हणाला. "दिवाळीची साफसफाई चाललीय ना सगळीकडे."

ज्यांच्याकडे दोन दिवसांसाठी खोली घेतली होती त्या उषाबेन मागून किल्ली घेऊन येत होत्या. हसल्या. "ओट छे, बेटा. गयो छे, आवशे."

ओहोटी आहे. गेलाय, येईल.

सासूबाई माझ्या शेजारी पदर आवळून उभ्या होत्या. त्या एकदम वळल्या. "कोण येईल?"

"दरियो, बा. रोज जाय, रोज आवे. जे लई जाय ते पाछुं नाखी जाय." नेलेलं परत आणून टाकतो, असं उषाबेन सहज बोलून गेल्या, आणि पुढे म्हणाल्या, "पण ओटमां दूर ना जता हां. पाणी सामेथी नथी आवतुं, पाछळथी आवे छे."

पाणी समोरून येत नाही, मागून येतं. हे दुसरं वाक्य मी ऐकलं. सासूबाईंनी पहिलं ऐकलं होतं.

लोकांना खोटं वाटतं, पण लिंबायतमध्ये माझ्यासारख्या कितीतरी जणी सुरतेत राहून समुद्र न पाहिलेल्या आहेत. मी पारोळ्याजवळच्या खेड्यातून लग्न करून आले. सहा वर्षं कापडाच्या लूमचा खडखडाट ऐकते, साड्यांवर खडे चिकटवते. समुद्र वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे हे मला माहीत होतं, पण आमच्या घरात डुमसचं नाव काढायची सोय नव्हती. तापी डुमसपाशी समुद्राला मिळते. आणि तापीने गजूला नेलं होतं.

गजू म्हणजे गजेंद्र, योगराजचा धाकटा भाऊ. दोन हजार सहाच्या पुरात गेला. तेव्हा यांचं घर कतारगामला, नदीच्या बाजूला होतं. गजू सहा वर्षांचा, योगराज दहाचा. गजू सापडला नाही. एवढंच मला लग्नाआधी सांगितलं होतं, आणि पुढे विचारायचं नाही हे न सांगताच कळलं होतं.

पण श्रावण आला की गजू घरात यायचा.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्यात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, शेला चढवून देवी मांडायची आणि सोमवारी नदीवर पोहोचवायची. तिच्या नैवेद्याला जाड गव्हाचे रोट करतात. त्या रोटांचे गहू मोजायची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची. मग तो रोट घरच्यांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही, उष्टा टाकायचा नाही, पाण्यात जाऊ द्यायचा नाही. सासरे, बन्सीलाल, दोन वर्षांपूर्वी वारले. त्याच श्रावणात सासूबाईंनी त्यांची मूठ बंद केली. डोळ्यांत पाणी नाही, हात थांबला नाही. "माणूस गेला, मूठ गेली," म्हणाल्या. आणि लगेच गव्हात हात घालून एक मूठ, वर पाव मूठ काढली. "ही गजूनी."

त्या दिवशी चुलत सासू शोभाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्याने राहवलं नाही. "प्रमिला, किती वर्षं वाढशील त्याला? गेलेल्याच्या नावाने देवीचा रोट करतेस, पाप लागेल."

"तो सापडना नही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "सापडना नही त्याले मरेल कसं म्हनशी?"

हिरल तेव्हा माझ्या मांडीवर होती. तिची मूठ नव्हतीच. ती पोरगी. मला ते टोचलं, खरं सांगते. जो नाही त्याची सव्वा मूठ, आणि जी आहे तिची चिमूटसुद्धा नाही.

गेल्या श्रावणानंतर वेगळंच सुरू झालं. मी दुपारी खडे चिकटवत बसायची तेव्हा हिरल आजीजवळ असायची, आणि आजी तिला गजूकाकाच्या गोष्टी सांगायची. काकाला साय आवडते. काका पायरीवरून उडी मारतो. मग हिरल बिस्किटाचा तुकडा मोडून बाजूला ठेवायला लागली. "काकाला." मी हसण्यावारी नेलं. पोरं असं काहीबाही करतातच. एक दिवस आंघोळ घालताना बादलीत वाकून पाहत म्हणाली, "मम्मी, काकाला पुढचे दोन दात नाहीत. तो हसला की आत काळं दिसतं."

योगराज दारात कामाचा शर्ट चढवत होता. त्याचा हात बाहीतच राहिला.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "पुराच्या आठवड्यातच पडले होते त्याचे दात. मी कुणाला कधी बोललो नाही."

"आईंनी सांगितलं असेल तिला."

"असेल." त्याने शर्टाची बटणं लावली. "गायत्री, पोरीला जरा दूर ठेव. माय त्याला बोलावत बसलीय आणि पोरगी ओ देतीय."

तेव्हापासून मला भीती वाटू लागली. मला वाटायचं, आई गजूला परत आणायचा प्रयत्न करत नाहीत, हिरलला थोडी थोडी करून तिकडे देताहेत.

म्हणून दिवाळीला कारखाने बंद झाले आणि सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "यंदा गावाला नको. समुद्र दाखव माले," तेव्हा योगराज लहान मुलासारखा खूश झाला. त्याला वाटलं, माय सुटली. मलाही तसंच वाटलं.

दिवेलागणीला समुद्र आला. आला म्हणजे दिसला नाही, आधी ऐकू आला. मला वाटलं मागे कुठेतरी लूम चालू झाले. तोच एकसुरी धडधडाट, जो आमच्या गल्लीत झोपेतही कानात असतो. मग चिखल दिसेनासा झाला आणि त्या जागी हलणारं, मातकट, अफाट काहीतरी आलं. मला वाटलं होतं समुद्र निळा असेल. मी हिरलला कडेवर घट्ट धरलं. ती माझ्या कानात म्हणाली, "केवढाय! याला कोण झोपवतं?" मला हसू आलं आणि रडूही आलं. आपल्या लेकराच्या डोळ्यांत समुद्र पहिल्यांदा शिरताना पाहणं, हे समुद्र पाहण्यापेक्षा मोठं होतं.

"डुमसच्या बाजूला भूत आहे म्हणतात," योगराज मला चिडवायला म्हणाला. "अख्खं सुरत सांगतं."

"गप बसा. संध्याकाळची वेळ आहे."

सासूबाई बांधाच्या अगदी कडेला उभ्या होत्या. लाटेने त्यांच्या पायांपाशी वस्तू आणून टाकल्या. झेंडूची माळ. एक बाटली. कुणाची तरी एकच चप्पल. आणि एक नारळ, साल निघालेला, त्याला चिकटलेली लाल कापडाची चिंधी. त्यांनी तो उचलला, पदराने पुसला आणि माझ्याकडे पाहून हसल्या. मी त्यांना सहा वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं. "खरं बोलनी ती बाई," म्हणाल्या.

सकाळी सहाला जाग आली तेव्हा हिरलची जागा थंड होती.

सासूबाईंची गोधडी घडी करून ठेवलेली. हिरलच्या चपला नाहीत. कोनाड्यात तेलाची वाटी होती. आजीने नातीचे केस विंचरून दिले होते, सणाला देतात तसे. सासूबाईंच्या पिशवीचं तोंड उघडं होतं आणि आत एक रिकामा रुमाल. रुमालाच्या शिवणीत गव्हाचे दोन दाणे अडकले होते.

मी ओरडले की नाही आठवत नाही. योगराज दचकून उठला, उषाबेनना हाका मारत त्यांच्या दाराकडे पळाला. मी बांधाकडे.

पाणी गेलेलं होतं. फिक्या उजेडात चिखल राखेसारखा दिसत होता, आणि लांब, खूप लांब, दोन काळे ठिपके. एक उंच, एक बुटका.

बांधाखालच्या ओल्या वाळूत पावलं स्पष्ट उमटली होती. सासूबाईंची अनवाणी, भेगाळलेल्या टाचांची. त्यांच्या डाव्या हाताला हिरलच्या चपलांचे ठसे. त्या चपलांच्या तळाला चांदण्या आहेत, तिने त्याच्यासाठीच हट्ट केला होता. मी पळत होते आणि चांदण्या मोजत होते. थोडं पुढे गेल्यावर चांदण्यांच्या पलीकडे आणखी एक जोड दिसू लागली. लहान पावलं. अनवाणी.

मला वाटलं, पोरीने चपला काढल्या. पण चांदण्याही होत्याच. शेजारी शेजारी. दोन्ही.

मी थांबले नाही. थांबायला वेळ कुठे होता?

पुढे वाळू कडक झाली. तिच्यावर ना टाच उमटली होती, ना चांदणी. ठिपके मध्ये आलेल्या उंचवट्यामागे लपले. आणि आता डाव्या-उजव्या बाजूंनी चिखलातल्या चरांमधून पाणी सरपटत पुढे येत होतं. आवाज न करता. समोर समुद्र अजून लांबच होता आणि पाणी माझ्या मागे पोहोचलं होतं. उषाबेनचं वाक्य तेव्हा मला समजलं.

कुठे वळू? डावीकडचा चर रुंद दिसत होता, पण सरळ जाणारा. मी डावीकडे दोन पावलं टाकली. तेवढ्यात उजवीकडच्या कडक वाळूत ती लहान अनवाणी पावलं दिसली. फक्त तीच. पाण्याने भरलेली, आरशाच्या तुकड्यांसारखी, एकापुढे एक. मी त्यांच्यामागून गेले. का, ते विचारू नका. आई पावलांमागून जाते.

ती पावलं मला चर अरुंद होता तिथे घेऊन गेली. पलीकडे, वाळूच्या बेटासारख्या पट्ट्यावर, दोघी होत्या.

सासूबाईंची पाठ माझ्याकडे होती. उजवा हात समुद्राकडे लांब केलेला, मूठ गच्च. "गजू! ये रे बापा! हाई देख तुन्ही पुतनी! तुले न्यायला उनी!" आणि त्यांच्या डाव्या बाजूला माझी हिरल, चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेली, पाणी मांड्यांना लागलेलं, आजीच्या पदराला धरून. रडत होती, पण वाऱ्यात तिचा आवाज नव्हता. नुसतं उघडं तोंड दिसत होतं.

"आई! पोरीला उचला!"

त्या वळल्या. पाणी पाहिलं. त्यांनी डाव्या हाताने हिरलला दंडाला धरून ओढलं. चिखलाने सोडलं नाही. पुन्हा ओढलं. मी चरात उतरले तर कमरेपर्यंत गेले, पाय कुणी धरून ठेवावेत तसे जड झाले. एक पाऊल पुढे, एक मागे.

"दोन्ही हातांनी, आई! मूठ सोडा!"

त्यांनी आपल्या मुठीकडे पाहिलं. बोटांच्या फटीतून गव्हाचे दाणे दिसत होते. पाणी हिरलच्या फ्रॉकला फुगवत होतं. सासूबाईंचे ओठ हलत होते, पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. समुद्राशीही नाही. मला वाटलं त्या कुणाची तरी परवानगी मागताहेत.

"आई, ही हातात आहे तुमच्या! ही आहे!"

आणि मूठ उघडली.

दाणे पाण्यावर पडले आणि दिसेनासे झाले, इतके पटकन, की जणू कधी नव्हतेच. दोन्ही हात हिरलच्या काखेत गेले. चिखलाने एक घाणेरडा आवाज करून पोरीला सोडलं. त्यांनी तिला डोक्यावर उचलून माझ्या हातांत दिलं. मग योगराज पोहोचला. त्याने आधी हिरलला घेऊन काठावर ठेवलं, मग मला ओढून काढलं, मग आईला पाठीवर घेतलं. उषाबेनचे मालक दोरखंड घेऊन धावत आले होते. आम्ही बांधावर चढलो तेव्हा आमच्या पावलांपैकी एकही मागे उरलं नव्हतं.

हिरलच्या पायांत दोन्ही चपला होत्या. चिखलाने लडबडलेल्या, पण बंद लावलेल्या.

खोलीत योगराज पहिल्यांदा आईवर ओरडला. "एक गेला, आता हिलाही द्यायची होती का, माय?"

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओल्याच. त्या माझ्याकडे पाहून बोलल्या, मुलाकडे नाही.

"मी आते म्हतारी. माले तो कसा ओळखी? पोर पोरले ओळखस. म्हनीसन हिले लई गऊ." मग थांबल्या. "त्या सोमवारी कानबाई पोहोचवून आलो नदीवर. रात्रीतून पाणी घरात आलं. यांनी योगराजला गच्चीवर नेलं, मी गजूला. सगळे वर बसलो. आणि माले आठवलं, रोटांचा डबा खाली राहिला. रोट पाण्यात जाऊ द्यायचा नाही ना. देवीचा. मी खाली गेले. छातीपर्यंत पाणी. डबा सापडला. दोन्ही हातांनी डोक्यावर धरून वर आले. तर गजू वर नव्हता. माझ्या मागे मागे आला होता तो. जिन्यात माझ्या पायाला काहीतरी लागलं होतं. मऊ. मी डबा नाही सोडला."

योगराज खाली बसला. एकोणीस वर्षं त्याला वाटत होतं, गच्चीवर भावाचा हात त्याने धरायला हवा होता. त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी हिरलला घेऊन बाहेर आले. बांधापलीकडे समुद्र भरत होता, सकाळच्या उन्हात अगदी साधा, जसा चित्रात असतो.

"मम्मी," हिरल माझ्या खांद्यावर म्हणाली, "काका घरी येणार नाही म्हणाला. त्याला बोलावू नका म्हणाला."

"कधी म्हणाला?"

"तुला बोलवायला गेला ना, तेव्हा."

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पावलांचंही नाही.

या श्रावणात कानबाई बसली. आदल्या दिवशी सासूबाई सूप घेऊन बसल्या, समोर शोभाबाई, शेजारी मी आणि हिरल. पहिली मूठ योगराजची, वर पाव. मग सासूबाईंनी हात पुन्हा गव्हात घातला.

"ही हिरलनी," त्या म्हणाल्या.

"अगं बाई!" शोभाबाईंनी गालावर हात ठेवला. "पोरीची मूठ कधी असते का? ती उद्या परक्या घरी जाईल."

"जाईल तेव्हा जाईल. आज हातात आहे ना?"

सव्वा मूठ पडली. सासूबाईंनी हात झटकले, सूप उचलायला वाकल्या. त्यांचा चेहरा कोरा होता, पुसलेल्या पाटीसारखा. तिसरी मूठ नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा नाही. मी ज्याची इतकी वाट पाहत होते ते झालं होतं, तरी बरं वाटलं नाही. मला कडक वाळू दिसली. पाण्याने भरलेली लहान पावलं, एकापुढे एक, माझी वाट पाहत पुढे जाणारी.

हिरल गव्हाकडे बघत होती. तिने काकाचं विचारलं नाही. तिने बिस्किटं बाजूला ठेवणं कधीच सोडलं होतं. माझाच हात पुढे गेला.

"थांबा, आई."

मी मूठ भरली आणि सुपात सोडली. वरची पाव मूठ कशी घेतात ते माझ्या हाताला अजून जमत नाही. मी चाचपडत होते, तोवर हिरलने तिची इवलीशी मूठ भरून त्यावर ओतली. बरोबर पाव भरली.

सासूबाई सुपाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी कडेला सांडलेले चार दाणे वेचून आत टाकले.

"पुरे व माय," म्हणाल्या. "तो थोडंच खायचा."